वाकलं की पुढे येणारा डोळा

माय,

सरकी काढायचे रेचे, बैलबंड्यांचे आख, तराजूच्या दांड्या आणि अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गठाणी दाबणारे दोन लाकडी पेच, एवढं या हातांनी केलं. शिकवलं कुणी नाही. ओल्या बाभळीत कापलेले पेचाचे आटे वर्षात सरकतात, हे एक पेच वाया घालवून कळलं. तू गेलीस तेव्हा कापसाला कुणी विचारत नव्हतं. आता दूर कुठे गोऱ्यांची आपसात लढाई लागलीय, तिकडचा कापूस अडलाय, आणि अकोल्यापर्यंत कापसाच्या बंड्यांची रांग आहे. माझा उजवा डोळा मात्र तसाच. उभा असलो की जागेवर, वाकून जोर लावला की दोन जवांएवढा पुढे. मापून पाहिलंय.

पहिल्यांदा तूच पाहिलंस. मी फुंकणीने चूल फुंकतोय, तू भाकर थापतेस, आणि तुझा हात थांबतो. मग थोरल्या काकाने कानशिलावर डाग द्यायला इळा तापवला. मोठ्या दिरासमोर कधी तोंड न उघडणारी तू, दारात आडवी झालीस. ‘काहून डागता? दुखते का त्याले? सुई ओवून देते पोरगं मले!’

‘मोठी वैदीण आली!’

‘हाओ, आली. ठेवा तो इळा खाली.’

यंदा छावणीतल्या डॉक्टरसाहेबाला दाखवला. त्याने मला वाकवलं, श्वास कोंडायला लावला, अंगठ्याने डोळा हलकेच मागे दाबला. म्हणाला, खोबणीत डोळ्यामागे रक्तशिरांचा गुंता आहे. वाकलं की भरतो, उठलं की ओसरतो. जिवाला धोका नाही. कापायचा तर डोळाही जाईल. दिसतंय ना नीट? मग राहू दे.

अडलं ते कापसाच्या शेठजींपाशी. अकोल्यात त्यांना नवे पेच बसवायचेत, मिस्त्री मीच हवा. पण मी पेचावर वाकलो की बाया कापसाच्या ढिगावर लुगड्याचा धडपा टाकतात, माझी नजर लागून कापूस पेटेल म्हणून. शेठजी म्हणाले, ‘मिस्त्री, कारागिरी तुमची अव्वल. पन हा डोया काढून घ्या. डाक्तरचा खर्च माझा, वरून बक्षीस.’

‘शेठजी, या डोयानं आटा वाकडा पडला का कदी?’

‘माझं काई नाही हो, लोकाइचं म्हनतो.’

‘मंग लोकाइचे काढा.’

एका डोळ्याने आट्याची खोली कळत नाही, हे त्यांना सांगत बसलो नाही. अकोल्याचं काम गेलं. गेलं तर गेलं. हा कागद तुझ्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून तेवढं लिहितो: नाही म्हणायचं आधीच ठरलं होतं, तरी बक्षीस किती ते मी विचारून घेतलं, माय. एका डोळ्याचे तीनशे रुपये.