प्रभातफेरीच्या चालीची मालकी

मी, महादेव सीताराम बोधनकर, वय एकाहत्तर, राहणार वर्धा, माझ्यामागे काय कोणाचे व्हावे ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कोणी दबाव आणलेला नाही. माझ्या मुलीने एक प्रश्न विचारला होता, तो पुढे येईल.

१. वर्ध्याचे राहते घर आणि आंजीची चार एकर जमीन माझी एकुलती मुलगी शरयू हिला. ती शाळेत शिकवते. तिने लग्न केले नाही. त्यावर नातेवाइकांनी माझ्या तेराव्याला चर्चा करू नये.

२. माझी पुस्तके गावच्या वाचनालयाला. पुतण्या बंडोपंत यास माझी काठी. भाषणात मी ती आपटली की तो जागा होत असे.

३. संगीताच्या इतिहासावरील माझ्या ग्रंथाच्या दोनशे दहा प्रती माडीवर आहेत. एकोणीसशे तीस साली वर्ध्याच्या प्रभातफेरीत जे गाणे घरोघर पोचले, त्याचे शब्द माझे. चालीपुढे मी त्या ग्रंथात 'पारंपरिक' असे छापले आहे. ते खोटे आहे, आणि छापताना मला ठाऊक होते.

चाल हिंगणीच्या कोकिळाबाईंची. त्या जत्रेत कनात लावून गात. एकोणतीस सालच्या जत्रेत तीन दिवस मी ती चाल ऐकली, कनातीच्या बाहेर उभा राहून. खादी घातलेल्या माणसाने आत बसणे मला कमीपणाचे वाटले. चाल घरी आणणे वाटले नाही. घरंदाज मुलींना म्हणता यावी म्हणून तिच्यातल्या हरकती मी कापल्या.

अडतीस साली त्याच जत्रेत, गाणाऱ्या बायकांनी समाज नासतो, यावर मी दीड तास बोललो. भाषण संपताच लोकांनी कोकिळाबाईंची कनात उतरवली. कोणी अंगाला हात लावला नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला. भाषण छापून वाटले गेले आणि बाकीच्या जत्राही त्यांना बंद झाल्या. त्या कापसाच्या जिनात मजुरीने रुई वेचू लागल्या. तीन वर्षांनी माझा ग्रंथ निघाला. कोणाला कोणत्या दाराने आत घ्यायचे हे समाज ठरवतो आणि त्यावरून संगीताचा इतिहास लिहिला जातो, असे मी त्याच्या प्रस्तावनेत मोठ्या आवेशाने म्हटले आहे. दारावर मीच उभा होतो.

गेल्या वर्षी माझा सत्कार झाला. मुलींनी ते गाणे म्हटले. चाल लोकगंगेतून आली, असे मी सांगितले आणि टाळ्या घेतल्या. घरी शरयूने विचारले, "बाबा, लोकगंगेतून म्हणजे कोणाकडून?" मी खरे सांगितले. ती म्हणाली, "मग सहा वर्षं मी मुलींना खोटं शिकवलं." त्या दिवशी ती माझ्याबरोबर जेवली नाही.

४. कोकिळाबाई आता पवनारला राहतात. शरयू मला तिथे घेऊन गेली. बाईंनी आम्हाला बाजेवर बसवले आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या.

"काऊन आले जी भाषणवाले? आता कोणती कनात काढाची राह्यली?"

मी माफी मागू लागलो. ते लांबत चालले.

"थोडक्यात बोला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी दीड तास उभी होती मी. आवाज चांगला होता तुमचा. सुरात नव्हता."

घरातली एक खोली त्यांच्या नावे करतो, असे मी म्हटले.

"माह्या घराले दार आहे. खोली नाई पाह्यजे."

शरयूने विचारले, "मग काय हवं, बाई?"

"याइले म्हना, माहं नाव लिहा. मले वाचता येत नाई. तू वाचून दाखवजो."

म्हणून प्रत्येक प्रतीत 'पारंपरिक' या शब्दावर त्यांच्या नावाची चिठ्ठी चिकटवावी. त्याशिवाय एकही प्रत घराबाहेर जाऊ नये. गाणे पुढे शिकवायचे की नाही, आणि हरकतींसह की त्यांच्याविना, हे बाई सांगतील तसे शरयूने करावे. माझ्या नावाने शोकसभा घेऊ नये. तिथे कोणीतरी ते गाणे म्हणेल.

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने त्यावर साक्ष घालू नये, असे वकिलांनी सांगितले. कोकिळाबाईंनी काहीच घेतले नाही, तेव्हा त्यांची साक्ष चालते. आज त्या मोटारीने वर्ध्याला आल्या. शरयूने सर्व मजकूर त्यांना दोनदा वाचून दाखवला.

वर्धा, ता. १७ नोव्हेंबर १९५७
महादेव सीताराम बोधनकर (सही)

साक्षीदार:
१. किसनराव ढगे, वर्धा. धंदा: शिक्षक, निवृत्त. (सही)
२. कोकिळाबाई हिंगणीकर, पवनार. धंदा: गाणे. (अंगठा)

दुसऱ्या साक्षीदाराच्या धंद्यापुढे मी आधी 'मजुरी' लिहिले होते. बाईंनी ते खोडायला लावले. खोडलेला शब्द आणि वर लिहिलेला शब्द, दोन्ही माझ्या हातचे आहेत.
म. सी. बो.