राजाची पाठ

६ जानेवारी, मंगळवार
शब्द देऊन बसलो! तालमीत जोतीराम वस्ताद म्हणाले, "गारगोटीची पोरगी आलीया, संयोगिता. बुद्धिबळात लई नाव हाय. जोड लावू का, बसाप्पा?" म्हटलं, लावा! हरलो तर मोहऱ्याला पुन्हा हात लावणार नाही. गुरू नाही, पुस्तक नाही, तरी या तालमीत आजवर मला कुणी हरवलेलं नाही.

९ जानेवारी
पटावरची मोहरी घासली. पितळेची, सगळी मीच लेथवर काढलेली. एका हत्तीचं बूड अर्धं सूत जास्त निघालं. बरोबर केलं.

११ जानेवारी, रविवार
हलगी! बुद्धिबळाला हलगी! वस्तादांनी आधी आमची हातसलामी घडवली. माझ्या प्रत्येक चालीला तालमीतला पैलवान विश्वजित ओरडतोय, "ढाक लाव, बसाप्पा!" उंटानं कुस्तीतली ढाक कशी लावायची?

मग पोरीच्या वजिरानं माझा वजीर मारला. संपलं! राजा आडवा केला. हार मानायची हीच रीत, मला ठाऊक आहे.

ती म्हणाली, "काका, नक्की?"

काय हा उर्मटपणा! म्हटलं, "नक्की."

तेवढ्यात विश्वजित उठला. "कुशीवर पडलाय! पाठ लागल्याली न्हाय!" सगळी तालीम उठली. वस्तादांनी वाकून राजा निरखला. "ह्याची पाठ कुठली रं?" खरं ते सांगितलं — चहूबाजूंनी गोल आहे, पाठ काढलेलीच नाही.

"मग चितपट कशी धरायची? कुस्ती बरोबरीत!"

मला खांद्यावर घेतलं. हरलो, हरलो म्हणतोय — हलगीत ऐकतंय कोण!

१२ जानेवारी
वस्तादांचा निरोप. रविवारी पुन्हा जोड. तोवर राजाला मिशी कोरून आण, म्हणजे पाठ कुठली ते कळंल. तोवर पट हाय तसा राहील.

पण मी तर हरलोय. शब्द दिलाय. राजा फडक्यात धरून आणला. हात फडक्याला लागला, मोहऱ्याला नाही.

१३ जानेवारी
मिशी झोकदार झाली. तालमीत नेऊन राजा — फडक्यानंच — त्याच्या घरात उभा केला. सहज पटाकडं बघितलं.

माझा वजीर मारायला तिचा वजीर गेला, आणि तिची शेवटची ओळ उघडी पडली. तिच्या राजापुढं तिचीच तीन प्यादी, हलायला जागा नाही. माझा हत्ती, तोच घासलेला, सरळ त्या ओळीत शिरतो. शह. मात.

चाल माझी होती.

म्हणून विचारलं पोरीनं, नक्की?