टाकीतलं खारं पाणी

६ फेब्रु. ८५, बुध.
गाडी परत बंद. भाऊच्या धक्क्यावरून दादरला जाताना, लालबागात, मिरची कांडपाच्या दुकानासमोर. पंधरवड्यात तिसऱ्यांदा. मागे हिराबाई, त्यांच्याबरोबरच्या चार कोळणी आणि बर्फातली मासळी. हँडपंप मारून डिझेलच्या नळीतली हवा काढली. चालू झाली, शंभर पावलं गेली, परत बंद. मिरचीच्या खकाण्यानं बायका खोकत होत्या. शेवटी हिराबाईंनी तिथंच फुटपाथवर एक पाटी उतरवली आणि बोंबील विकायला बसल्या. निम्मी पाटी गेली. बाकी माल दादरला पोचला तेव्हा सकाळचं गिऱ्हाईक निघून गेलेलं.
उतरताना म्हणाल्या, “आनखी एकदा झालं का मी दुसरी गाडी बघनार, वसंत. सांगून ठेवते.” रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं.

७ फेब्रु., गुरु.
दारूखान्याच्या गॅरेजात युसूफ मिस्त्रीकडे. भागीदार बबन आला नाही, दात दुखतो म्हणाला. मिस्त्रीनं डिझेल पंप खोलला, आतला दांडा पुसून हातात दिला. खिशात गिरणीतलं धागे मोजायचं भिंग होतं, त्यातून पाहिलं. उभे ओरखडे, ताण्याच्या धाग्यांसारखे, एकाला लागून एक.
“कचरा. आँख से नहीं दिखता, केस का दसवां हिस्सा,” मिस्त्री म्हणाला. “तेरा फिल्टर मोटा है. ये बारीक नज़र का काम है, तूने ऊंघता चौकीदार बिठाया है.”
दोन मार्ग सांगितले. एक, आहे त्याच जागी बारीक कागदी फिल्टर. दोन, फिल्टरांची जोडी: आधी जाड कापडी, खाली पाणी साठायला काचेची वाटी, मग बारीक कागदी. जोडीला ब्रॅकेट बनवावं लागेल, नळ्या वाकवाव्या लागतील. विचार करून सांगतो म्हटलं.

८ फेब्रु., शुक्र.
बबनला दोन्ही नको. बबन नि मी अकरा वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणायच्या शेजारशेजारच्या साच्यांवर. संप लांबला, गिरणीनं परत घेतलं नाही, तेव्हा दोघांनी मिळून ही जुनी पिकअप घेतली. मी चालवतो. डिझेल भरणं, हवा, पाणी त्याच्याकडे.
म्हणाला, “बारीक घातलास की दर आठवड्याला तुंबणार. मग रस्त्यात काय करशील, फुंकर मारशील?” तुंबतो हे खरं. पण जाड ठेवला तर पंप जातो. तुंबलेला फिल्टर बदलता येतो, पंप गेला तर गाडीच गेली. हे त्याला कळतं. साच्यावर एक धागा तुटला तर माझ्याआधी त्याला दिसायचा.
धक्क्यावर हिराबाईंच्या घरचं कळलं. मुलगा गजानन त्यांच्या बोटीवर तांडेल आहे, बोट त्याच्या हुकमात. गेल्या खेपेला बोट खोल पाण्यात डिझेल संपून उभी राहिली. दुसऱ्या बोटीनं ओढून आणली, दीड दिवस उशिरा. सगळी मासळी मऊ पडलेली. बोटीत हिराबाईंच्या भावाचाही वाटा आहे. तो म्हणतो, ज्याला डिझेलचा अंदाज नाही त्याच्या हातात सुकाणू नको.
“गजा शपथ घालतो का टाकी, पिंपं भरून नेली होती,” त्या म्हणाल्या. “भरली होती तर गेली कुठं? खोटं बोलायला शिकला.”

१० फेब्रु., रवि.
बायको घरी खाणावळ चालवते, तिचा स्वयंपाक चालू. सुलोचना नारळाचा रस आधी चाळणीतून, मग फडक्यातून गाळत होती. विचारलं, एकदम फडक्यात का नाही? “चोथो बसलो काय फडक्यातसून थेंब उतरत नाय. तुमका आज काय झाला?” काही नाही म्हटलं.
तरी दुपारी साधा मार्ग धरला. एकच बारीक कागदी फिल्टर. ब्रॅकेटला दोन दिवस गाडी उभी ठेवावी लागली असती, आणि बबनचं तोंड.

१३ फेब्रु., बुध.
गाडी छान ओढते. धूर कमी. हिराबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे बरं चाललंय.
गिरणीच्या गेटवर परत घ्यायच्या माणसांची कसलीशी यादी लागलीय म्हणे. गेलो नाही.

१४ फेब्रु., गुरु.
तुंबला. चार दिवसांत. नशीब की रिकामी गाडी होती, काळाचौकीत चाळीजवळच. बबन म्हणाला, “सांगितलं होतं.” पण बोलताना माझ्याकडे बघितलं नाही.

१५ फेब्रु., शुक्र.
सकाळी जाड फिल्टर लावून फेरी उरकली, मग मिस्त्रीकडे. त्यानं तुंबलेला फिल्टर पत्र्याच्या कात्रीनं कापला, कागद घडीघडीनं उलगडून फळीवर पसरला. तांबडा गंज आणि बुळबुळीत काळा थर. चार दिवसांत एवढा नको, म्हणाला. टाकीचा खालचा बोल्ट सोडला, बरणी धरली. आधी पाणी आलं. जवळजवळ पेलाभर. मग डिझेल.
मिस्त्रीनं बोट बुडवून जिभेला लावलं. थुंकला. “खारा है. पेट्रोल पंप का डीझल खारा होता है क्या?”
मीही लावलं. खारंच.
“फिल्टर बाद में चुन. पहले पूछ, डीझल कौन भरता है.”
सांगितलं नाही कोण भरतो ते.

१६ फेब्रु., शनि.
बबनला चाळीच्या गच्चीवर नेलं. बरणी बरोबर नेली होती, तिची गरज पडली नाही. त्यानंच सांगितलं. आम्ही मासळी भरायला जायच्या आधी तो कॅन घेऊन धक्क्याच्या टोकाला जातो. बोटीवरचा एक खलाशी पिंपातलं, लाटांचं पाणी शिरलेलं डिझेल काढून देतो. स्वस्तात. गणपतीपासून चालू आहे.
“कुणाच्या बोटीवरचा?”
म्हणाला, “गजाच्या.”
मग तोच बोलत राहिला. बोटवाले पण मालकच. मालकाचं चार कॅन डिझेल गेलं तर काय बुडतं. आपलं गिरणीत काय काय गेलं ते कुणी मोजलं?
म्हटलं, संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात आपल्या मजल्यावर सुके बोंबील कोण पाठवायचं, हिराबाईच ना? तो म्हणाला, “तेव्हा तिला मी ओळखत पण नव्हतो.” हे काही उत्तर नव्हे. पण खोटं बोलला असंही नाही.
शेवटी म्हणाला, “बंद करतो. तिला सांगू नको, वसंत. आपल्या दोघांची गाडी आहे.”

१७ फेब्रु., रवि.
आज घरीच. अकरा वर्षांत बबननं माझं किती काम झाकलं ते आठवत बसलो. माझा ताप, आईची तेरवी. त्याच्या चार साच्यांबरोबर माझे चार. आठवून उपयोग नाही.

२० फेब्रु., बुध.
मिस्त्रीकडे जोडी बसवली. कापडी आधी, वाटी, मग कागदी. टाकी उतरवून धुतली. गाडी दोन दिवस उभी होती, हिराबाईंनी तेवढ्यापुरती दुसरी गाडी केली. कायमच्याच जातील असं वाटलं होतं. आज परत आल्या.
मिस्त्री म्हणतो, आता चांगलं डिझेल घातलंस तर जुन्या फिल्टरवरही चालेल, ही जोडी जास्तच झाली. असू दे म्हटलं.
डिझेल मी भरतो. बबन विचारत नाही.

२४ फेब्रु., रवि.
वाटीत पाणी नाही. नुसतं मधासारखं स्वच्छ डिझेल. गाडीचा प्रश्न सुटला.
धक्क्यावर गजानन जाळी ओढत होता. येत्या खेपेला तांडेल म्हणून मामाचा माणूस जाणार. गजानन खलाशी म्हणून जाणार, आपल्याच बोटीवर. मला हात केला. मीही केला.

२६ फेब्रु., मंगळ.
वरळी कोळीवाड्यात गेलो. हिराबाई दारात सुकट निवडत बसल्या होत्या. चहा नको म्हटलं. उभ्यानंच सांगितलं. गजा खोटं बोलत नव्हता. टाकी, पिंपं भरलेलीच होती. ते डिझेल माझ्या गाडीत जळलं, आणि त्याच डिझेलवर तुमची मासळी दादरला गेली.
त्यांचे हात थांबले नाहीत. सुकटीतला कचरा एकीकडे, सुकट एकीकडे.
“कोनी काढलं?”
खलाशाचं नाव मला माहीत नाही म्हटलं. ते खरं आहे.
“घेतलं कोनी?”
गाडी माझी आहे, म्हटलं.
“गाडी दोघांची हाय.”
मग म्हणाल्या, “मी पोराला चारचौघांत थोबाडीत मारली, वसंत. तांडेल पोराला.” तेवढंच. जा म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. मी आलो.

२७ फेब्रु., बुध.
धक्क्यावर हिराबाई नेहमीसारख्या. क्रेट चढवले, दादर, उतरवले. संध्याकाळी बबनला सांगितलं की मी सांगून आलो. तो जेवत होता. ताट सरकवलं, हात धुतले. “माझं नाव घेतलंस?” घेतलं नाही, त्यांना कळलं. “म्हणजे घेतल्यासारखंच,” म्हणाला आणि खाली उतरून गेला. त्याची बायको माझ्याकडे बघत राहिली. तिला यातलं काही माहीत नसावं.

१ मार्च, शुक्र.
पहाटे बबन गाडीपाशी येऊन उभा. दाढी केलेली. “चल. मी स्वतः बोलतो.”
धक्क्यावर लिलाव संपत आलेला. बबन सरळ हिराबाईंकडे गेला. दोघं बर्फ फोडायच्या मशीनच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. त्या घरघरीत एक शब्द ऐकू आला नाही. आधी बबन बोलत होता, मग हिराबाई. बबनची मान खाली. एकदा त्यांनी बोटीकडे हात केला. गजानन बोटीवर पिंपं मोजत होता, त्यानं काम थांबवून वर पाहिलं.
मग बबन गाडीकडे आलाच नाही. चपला हातात घेऊन बोटीच्या फळीवरून चालत गेला. गजाननच्या समोर उभा राहिला. पुढचं मला दिसलं नाही, मध्ये पाट्या घेऊन बायका आल्या.
क्रेट चढले. हिराबाई नेहमी मागे मालाबरोबर बसतात. आज पुढचं दार उघडून माझ्या शेजारी, बबनच्या जागेवर बसल्या. लुगडं सावरलं.
विचारलं, “काय ठरलं?”
“माझ्या भावाला तो सगळं सांगनार. आधी गाडी चालव,” म्हणाल्या. “बर्फ पाघळतोय.”