भिंगरीचे दोन मार्क

गुरुवार, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं
तुझ्याच जिन्यात

ताई,

हो, काल फोन मीच ठेवला. कट नाही झाला. "दोन मार्क वाढवलेस तर तुझ्या बापाचं काय जातंय?" असं तू ओरडलीस, आणि तुझा नि माझा बाप एकच आहे हे तुझ्या लक्षात यायच्या आत मी ठेवून दिला.

बरी आहेस ना? भाऊजींची पाठ कशी आहे? पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून विचारलं. नाहीतर तुमच्याकडे काय चाललंय ते मला दाराबाहेरून सगळं ऐकू येतंय. पायरीवर बसलेय, मांडीवर हजेरीचं पुस्तक, त्यावर हा कागद. बेल वाजवायला आले होते. दोनदा हात वर केला. मग आतून तुझा आवाज आला, "पुस्तक बंद! मधला भाग, पुन्हा, न बघता!" हात आपोआप खाली आला.

तू मला बोलणं पुरं करू देत नाहीस, लहानपणापासून. म्हणून लिहितेय.

आधी ते नियमाचं. काल तू "तुझे फालतू तक्ते" म्हणून उडवून लावलंस ना, ते. जी मुलं बाहेरच्या मंडळाची संगीताची परीक्षा देतात, त्यांची शाळेत वेगळी परीक्षा होत नाही. मंडळाचा निकाल येतो, मी तक्त्यात बघून शाळेची श्रेणी लिहिते, खाली सही करते. दीडशेपैकी एकशेतीसला अ. तुझ्या भिंगरीला एकशेअठ्ठावीस, म्हणजे ब. आणि ब असेल तर अकरावीला संगीत घेता येत नाही. संगीत घेणाऱ्यांची यादी आज बारा वाजता बंद होते.

मंडळाच्या मार्कांत वर घालायचे वर्षभराच्या कामाचे पाच मार्क माझ्या हातात असतात, त्यातले दोन टाक, असं तू म्हणतेस. असतात. टाकता येतात. कुणी विचारणारसुद्धा नाही. "मोठी आलीय तत्त्वाची," म्हणालीस. ताई, तत्त्व-बित्त्व काही नाही गं. तसं असतं तर गेले तीन आठवडे मी नीट जेवले असते.

चौथ्या मजल्यावरचे काका आत्ता शेजारून उतरले. "किल्ली विसरलीस का?" म्हणाले. मी हो म्हटलं. बघ, खोटं किती सहज येतं मला.

आत्ता भिंगरी व्हायोलिनवर मधला भाग वाजवतेय. ऐकतेयस ना? तो संथ चढत जाणारा तुकडा. एक सूर इकडचा तिकडे नाही. जो भाग पोरगी रोज सकाळी डोळे मिटून वाजवते, तो नेमका परीक्षेतच कसा विसरली, असा प्रश्न तुला एकदाही पडला नाही?

ती विसरली नाही.

लिहिलं एकदाचं. अक्षर लागलं नाही तर ओळी पुन्हा वाच.

त्या दिवशी साथीला पियानोवर मी होते. पुस्तक नीट उघडं राहत नाही म्हणून मी पानांची झेरॉक्स काढून फाइलच्या प्लास्टिकच्या पाकिटांत घातली होती. ही पाकिटं एकमेकांना चिकटतात. हे मीच मुलांना दर वर्षी बजावते. पहिला भाग संपला, मी पान उलटलं, आणि एकदम दोन पानं गेली. समोर जे आलं ते वाजवत सुटले. भिंगरीनं मधल्या भागाचे दोन सूर लावलेही होते, आणि मी धाडधाड शेवटच्या भागात. तिनं माझ्याकडे पाहिलं. अर्धा श्वास. मग व्हायोलिनवरचा गज उचलला आणि माझ्या मागे आली. पंधरा वर्षांची पोर.

परीक्षक बाईंनी पेन्सिल कागदावर टेकवली. साथ करणारा मुलांच्या चुकीमागे धावतो, हेच त्या जन्मभर बघत आल्यात. उलटं झालं असेल हे त्यांना सुचलंच नाही. "मधला भाग आठवला नाही, तरी पटकन सावरलं," हा शेरा तर तुला पाठच झालाय.

"बाई, चूक माझी." एवढंच म्हणायचं होतं. मी पानं गोळा केली आणि थँक्यू म्हणाले. थँक्यू!

बाहेर आल्यावर भिंगरी काय म्हणाली माहितीय? "मावशी, तुझी नोकरी अजून कच्ची आहे ना? मग राहू दे. आई काय, दोन दिवस ओरडेल." निकालाच्या दिवशी तू तिला खडसावून विचारलंस. ती खाली मान घालून "विसरले" म्हणाली. तेव्हा मी तुझ्या सोफ्यावर बसून संत्रं सोलत होते.

आता कळलं, ते दोन मार्क का टाकत नाही? मी टाकले तर ते मावशीचे उपकार होतील. आणि मार्क तर तिचेच होते, मी घालवलेले.

साडेनवाला मोठ्या बाईंना भेटतेय. काय झालं ते सगळं लिहून सही केलीय, एक प्रत मंडळाला. भिंगरीची परीक्षा आज अकराला शाळेतच घ्या, एकटीची, साथीशिवाय. ऐकायला समूहगानाचे सर बसतील, मी बाहेर थांबेन, असं मागितलंय. बाई नाहीही म्हणतील. मला कायम करायची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे. ती तिथून कुठे जाईल, देव जाणे.

तिच्यावर ओरडू नकोस. माझ्यावर ओरड, पण बारानंतर.

वाजवणं थांबलं. कुलपाची किल्ली खुळखुळतेय, तुझी दवाखान्यात कामावर जायची वेळ झाली वाटतं. कागद दाराखालून सरकवतेय. तिला साडेदहाला शाळेत पाठव, चहा-बिस्किट देऊन. मी निघाले. जिन्यातून हाक मारू नकोस ताई, थांबले तर मग माझ्याच्यानं जाववणार नाही.

जिनं पान उलटलं ती,
तुझी धाकटी