नवी आवृत्ती आणि आईची साखर

४ मार्च
साहेबांचं नवं खूळ. आपल्या साखर नोंदवायच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी हसरा-रडका चेहरा हवा! म्हणे, "एक रकाना तर वाढवायचाय." एक रकाना! लोकांच्या फोनमधल्या जुन्या नोंदी नव्या मांडणीत सुखरूप हलवायच्या असतात, त्यालाच मायग्रेशन म्हणतात, वगैरे सांगायला गेलो. "शुक्रवारी हवंय," म्हणाले.

६ मार्च
मायग्रेशन राहिलंय. तूर्तास कोडमध्ये एक ओळ टाकली — मांडणी जुळली नाही तर सगळं पुसून टाक. माझ्या फोनवर झकास चालतंय. चालणारच — दरवेळी अ‍ॅप काढून नव्याने टाकतोय, पुसायला आहेच काय!

आईचा फोन आला होता. मंगळवारी डॉक्टरीणबाई तीन महिन्यांचे आकडे बघून इन्सुलिनचं ठरवणार. आकडे अर्थातच लेकाच्या अ‍ॅपमध्ये. शेजारपाजारी मिरवते बिचारी.

८ मार्च
सुटली एकदाची नवी आवृत्ती! साहेबांनी केक कापला. आईने विचारलं, "अपडेट करा म्हणतंय, करू का?" म्हटलं, बिनधास्त कर.

९ मार्च
ती ओळ! आंघोळ करताना आठवली. काढलीच नाही मी. म्हणजे ज्याने ज्याने अपडेट केलं, त्याच्या नोंदी साफ. आईच्याही.

साहेबांना फोन केला. ते खुशीत — "अरे, अ‍ॅप हलकं झालं म्हणून लोक कौतुक करतायत." दुपारी जाहिरातही निघाली, 'करा नवी सुरुवात'. पडलो तरी नाक वर! मला मात्र जेवण गेलं नाही. मंगळवारी आई काय दाखवणार?

१० मार्च
सुचलं! साखर मोजायच्या मशीनमध्ये जुने आकडे जपलेले असतात. उद्या आईकडे जाऊन एकेक परत भरतो. तिला काही कळायचं नाही.

११ मार्च
मशीनमधला शेवटचा आकडा डिसेंबरचा.

आईला विचारलं. म्हणाली, "जास्त आकडा टाकला की तुझं ते अ‍ॅप लाल व्हायचं, तुला निरोप जायचा. मग लगेच तुझा फोन, मग तासभर भाषण. त्यापेक्षा रोज एकशे दहाच्या आसपास टाकत होते. तूही खूश असायचास."

आत्ता शेजारी बसून मोजली. तीनशे चाळीस. आकडे पुसले गेले नसते, तर उद्या डॉक्टरीणबाईंनी तिला शाबासकी देऊन घरी पाठवलं असतं.