पाकिटाची मागची बाजू

मी, नोरीन जॉइस हेपल, वय एकोणऐंशी, राहणार रेनमार्क, साउथ ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मन शाबूत आहे असे मात्र मी लिहून देणार नाही. येत्या मंगळवारी ॲडलेडला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मरणाचे मला फारसे काही वाटत नाही. माझा धाकटा भाऊ क्लाइव्ह माझ्यामागे काय खाईल, या धास्तीने माझा डोळ्याला डोळा लागत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे.

कलम १. माझे राहते घर, परसातल्या संत्र्याच्या झाडासह, माझी एकुलती मुलगी लीॲन हिला मिळावे. परंतु क्लाइव्ह हयात आहे तोवर तो याच घरात राहील आणि घर विकता येणार नाही. लीॲनने मागे त्याच्यासाठी वृद्धाश्रमाची माहितीपत्रके आणली होती. ती मी कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरली, हे तिला हा लेख वाचतानाच प्रथम कळेल.

कलम २. बँकेतली शिल्लक क्लाइव्हच्या औषधपाण्यासाठी. उरेल ते लीॲनचे. फार काही उरणार नाही.

कलम ३. क्लाइव्हबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. त्याला मधुमेह आहे आणि नजर इतकी अधू झाली आहे, की खाण्याच्या पाकिटावर पुढे छापलेले पौष्टिकतेचे ठळक तारे, पाचपैकी किती ते, दिसतात, पण मागची बारीक अक्षरे दिसत नाहीत. त्यात जन्मभर त्याने दुकानात फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकली. यंत्रावर तारे जास्त तर वीज कमी, तसे खाण्यावर तारे जास्त तर साखर कमी, असे तो बिनदिक्कत धरून चालला. चार वर्षांपूर्वी खुब्याच्या ऑपरेशनमुळे मी उन्हाळाभर दवाखान्यात होते. तेवढ्या काळात तो पाच तारे बघून संत्र्याच्या रसाच्या बाटल्या आणत आणि रिचवत राहिला. आमच्या झाडाची संत्री आणि आमच्या कोंबड्यांची अंडी त्याने सोडली, कारण त्यांच्यावर एकही तारा नव्हता. शेवटी शेजारच्या व्हूलाबाईंना तो न्हाणीघरात पडलेला सापडला. पायाची जखम चिघळली होती, एक बोट कापावे लागले.

घरी आल्यावर मी त्याला विचारले, "क्लाइव्ह, फ्रिजचे तारे दाखवून तू कधी कुणाला वॉशिंग मशीन विकलंस का?"

"नाही गं, ताई. तारे ज्याच्या त्याच्या जातीत बघायचे."

"मग रसाचे तारे रसांतच बघ ना. दुसऱ्या बाटलीपेक्षा बरा, एवढंच म्हणतात ते. तुला बरा, असं कुठे म्हणतात?"

तो म्हणाला, "हे गिऱ्हाइकाला सांगायला माणूस लागतो, ताई. आमच्या दुकानात मी होतो."

तेव्हापासून तो माणूस मी आहे. दर गुरुवारी आम्ही खरेदीला जातो आणि मी प्रत्येक पाकीट उलटून मागचे मोठ्याने वाचते. मागे ट्रॉल्या अडतात, लोक कुरकुरतात. कुरकुरोत. मंगळवारनंतर कोण वाचणार, हा माझा प्रश्न आहे.

कलम ४. लीॲन खाद्यपदार्थांच्या पाकिटांची पुढची बाजू चितारते. हिरवी पाने, गव्हाच्या लोंब्या, कोवळे ऊन. मामाचे बोट गेले तेव्हा मी तिला फोनवर तोंडाला येईल ते बोलले. तिने एवढेच म्हटले, "आई, आम्ही एक अक्षरही खोटं छापत नाही." ते खरे आहे, आणि माझा राग नेमका त्यावरच आहे. त्यानंतर नाताळचा फोन आणि हवापाण्याच्या गप्पा, एवढेच आमच्यात उरले.

कलम ५. माझे हस्तिदंती मुठीचे भिंग मी लीॲनला देते, आणि त्याबरोबर हे काम. दर गुरुवारी व्हूलाबाई क्लाइव्हला दुकानात नेतील आणि नव्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवतील. लीॲनने तो मामाला फोनवर वाचून दाखवावा. हे कायद्याने बांधून घेता येणार नाही, असे वकील म्हणाले. म्हणून याला अट न म्हणता मी आईचा शब्द म्हणते, आणि शब्दाच्या भरवशावर भाऊ सोडून जाते.

लीॲनला आधी कळवून काल गुरुवारी आम्ही एकदा करून पाहिले. मी शेजारी उभी होते, पण तोंड उघडले नाही. क्लाइव्हने जर्दाळूच्या वड्यांचा खोका उचलला. पुढे बागेचे चित्र, "अस्सल फळांची गोडी" आणि चार तारे. व्हूलाबाईंनी मागचा फोटो पाठवला. लीॲनने फोनवर वाचायला घेतले: सफरचंदाचा आटवलेला रस, तांदळाचा पाक, साखरेचा आकडा. आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"मामा, तो खोका परत ठेव."

"पण पुढे चार तारे आहेत, पोरी."

"माहीत आहे. पुढचं मीच काढलंय."

क्लाइव्हने खोका परत ठेवला. तिने फोन ठेवला नाही, विचारले, "अजून काय घेतलंय?" मी फळीवरचे कडधान्याचे पाकीट उलटून त्याच्या हातात दिले.

कलम ६. मुरंबे करायच्या माझ्या तांब्याच्या पातेल्यावर व्हूलाबाईंचा कधीपासून डोळा आहे. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि साक्षीला मला त्याच हव्या आहेत. म्हणून पातेले त्यांच्या सुनेला. कोणाच्या चुलीवर चढायचे ते त्यांनी आपसात बघावे.

हे सारे आज सकाळी मी क्लाइव्हला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवले. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "आता मागचं वाच."

सबब नमूद करते की या मृत्युपत्राच्या प्रत्येक पानाची मागची बाजू कोरी आहे. क्लाइव्हने हात फिरवून खात्री करून घेतली आहे.

ठिकाण: रेनमार्क
दिनांक: १४ मार्च २०२५, शुक्रवार

सही: नोरीन जॉइस हेपल

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
साक्षीदार १: व्हूला कराट्झास, शेजारी
साक्षीदार २: नेव्हिल टली, औषध दुकानदार