डावा पट्टा

३ मार्च

रंग उडाला! सातव्या कडीवरचा. आणि उडाला तो माझ्यामुळेच.

बाबांच्या छोट्या रणगाड्याचा डावा पट्टा सध्या टेबलावर, फळीला टाचण्यांनी ताणून ठेवलेला. रणगाडा वीतभर लांबीचा, पट्टा त्याहून लांब, मऊ रबरासारखा, चौऱ्याऐंशी कड्यांचा. एकदा चाकांवर चढवला की आतल्या बाजूला ब्रश पोचत नाही, म्हणून आधी सरळ ठेवून रंगवायचा. रंगही असा हवा की पट्टा वाकला तरी तडकणार नाही. बाबांनी सुरुवातीलाच बजावलं होतं — 'साबणाच्या पाण्यात नीट घास. साच्यातलं तेल राहिलं तर रंग धरत नाही.' मी घासला. म्हणजे नळाखाली धरून दोनदा चोळला. कॉलेजला जायची घाई होती.

आज वाळलाय का बघायला टोक उचललं आणि पापुद्रा नखाला चिकटून आला.

बाबा दुपारचे झोपले होते. त्यांचाच ब्रश घेतला. तपकिरी रंग दिला, तो वाळल्यावर मधले दोन काळे चौकोन काढले — प्रत्येक कडीवर असे दोन असतात, तांदळाच्या दाण्याहून लहान. मग शेजारच्या आठव्या कडीवर बाबांचा चौकोन बाहेर ओघळला होता, तोही सरळ केला. हात लागलाच होता म्हणून.

सातवी माझी चूक होती. आठवी नव्हती.

४ मार्च

सकाळी बाबा ओरडले, 'अगं, इकडे ये! ही आठवी बघ!' पकडले गेले असं वाटलं.

'हात ऐकतोय गं माझा,' म्हणाले.

दोन वर्षांत त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता. अडतीस वर्षं त्यांनी यंत्रांची ड्रॉइंगं काढली. कारखान्यात म्हणत, यांची रेघ मोजपट्टीला लाजवते. आता हात थरथरतो, शर्टाचं बटण लावायला पाच मिनिटं लागतात, आणि आपण मदतीला गेलो तर दहा — कारण पाच मिनिटं भांडण्यात जातात.

डॉक्टरीणबाईंनीच हे काम लावून दिलंय. नवी गोळी सुरू केली तेव्हा विचारलं, 'छंद काय?' बाबांनी रणगाड्यांचं सांगितलं. त्या खूश झाल्या. 'रोज चार कड्या. गोळीनंतर तासाभराने. क्रम सोडायचा नाही. तीन आठवड्यांनी पट्टा घेऊन या. मला तोच आलेख.'

आलेख! आणि मी आलेखात बोट घातलं. आठव्या कडीचं आजच सांगायला हवं होतं. 'हात ऐकतोय' म्हणणाऱ्या माणसाला कसं सांगायचं?

६ मार्च

१४, १५, १८.

९ मार्च

प्रॅक्टिकलला एका मुलीने स्प्रिंगच्या प्रयोगाचं रीडिंग खोडरबराने पुसून 'बरोबर' केलं होतं. कागद खरडलेला दिसत होता. दोन गुण कापले, वर भाषण दिलं — चुकलं तर एक रेघ मारायची, बाजूला नवं लिहायचं, खाली सही करायची. पुसायचं नाही. चुकीचं रीडिंगसुद्धा रीडिंग असतं.

ती म्हणाली, 'पण मॅडम, आलेख छान येत होता.'

घरी येऊन २७ आणि ३० दुरुस्त केल्या. बाबा शेजारच्या खोलीत घोरत होते. ब्रश धुतला, होता तिथेच, होता तसाच तिरका ठेवला. चोर तरी एवढी काळजी घेतो का?

१२ मार्च

नवरा आज लवकर आला. मी भिंग डोळ्याला लावून वाकलेली.

'सासरेबुवांच्या रणगाड्यावर तुझी चढाई?'

सगळं सांगितलं. त्याने बूट काढता काढता ऐकलं. 'ते खूश, तू खूश. तिसऱ्या कोणाचं काही गेलंय का? उगाच कीस पाडत बसतेस.'

'डॉक्टरीणबाई त्यावरून औषध ठरवणार आहेत.'

'मग थांब.'

'आता थांबले तर अचानक बिघडल्यासारखं दिसेल.'

'मग नको थांबू.' आणि आंघोळीला गेला! याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर चेंडू टाकणं. आपलाच आपल्याकडे परत.

एक मात्र लिहून ठेवते. मी बाबांसाठी करते असं म्हणते. पण सकाळी ते हाक मारतात, भिंग माझ्या हातात देतात, 'बघ' म्हणतात — त्या मिनिटाची वाट मीच जास्त बघते.

१७ मार्च

ठरवलं होतं, आज हात लावायचा नाही. बाबा सकाळची कामगिरी बघून म्हणाले, 'आज काय बिनसलंय कोणास ठाऊक.' दिवसभर ते वाक्य डोक्यात. कॉलेजात दोनदा चुकीच्या वर्गात शिरले.

६१, ६२.

२२ मार्च

चौऱ्याऐंशी पूर्ण. बाबांनी फळीसमोर उभं राहून कमरेवर हात ठेवले. साहेब कामाची पाहणी करतात तसे.

माझ्या कड्या शेवटच्या पानावर मांडल्या. एकोणीस. डॉक्टरीणबाईंना यादी देऊन टाकायची. उद्या सकाळी. नक्की.

२३ मार्च

दिली नाही.

पर्समध्ये घडी करून ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी फळी खिडकीशी उभी धरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. 'वा! पहिल्या पाच-सहा कड्या बघा आणि नंतरच्या बघा. अपेक्षेपेक्षा छान आहे.' बाबा खुर्चीत इंचभर उंच झाले. मी पर्सची चेन उघडली. त्याच वेळी त्या म्हणाल्या, 'या गोळीने तुम्हाला गरगरतं ना? हात इतका बरा असेल तर निम्मी करून बघू.'

तेव्हा बोलायचं होतं. तीन सेकंदं होती, चार असतील. बाबा म्हणाले, 'सगळं लेकीमुळे. रोज मागे लागते.' चेन लावली.

२५ मार्च

काही लिहवत नाही. दोनदा उठून कुलूप लागलंय का पाहून आले. लागलेलंच होतं.

२८ मार्च

बाबांनी दाढी करताना हनुवटी कापून घेतली. कागदाचा कपटा चिकटवून जेवायला आले. भाजीचा चमचा तोंडाशी पोचेपर्यंत निम्मा रिकामा. नवरा जोरजोरात हवेबद्दल बोलत राहिला. मला त्याचे आभार मानावेसे वाटले.

कपात चहा निम्माच भरला. बाबांनी पाहिलं. 'चहाही निम्मा केला का डॉक्टरीणबाईंनी?'

हसलो तिघं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी धुतली.

३० मार्च

बाबांनी उजवा पट्टा काढला. दोन कड्या रंगवल्या आणि ब्रश खाली ठेवला. चौकोन कसले — डाग. मला वाटलं, आता गोळीला शिव्या देतील. म्हणाले, 'बाई म्हणतात मी बरा आहे. म्हणजे मीच आता चुकारपणा करतोय.'

स्वतःला दोष देतायत! गोळीला नाही, मला तर नाहीच.

उद्या. सबब नको.

३१ मार्च

सांगितलं. जसं झालं तसं लिहिते.

'बाबा, डाव्या पट्ट्यातल्या एकोणीस कड्या माझ्या आहेत.'

'तुझ्या म्हणजे?'

'तुम्ही झोपलात की मी सुधारायची. पहिली माझ्या हातून उडाली म्हणून. पुढच्या तशाच.'

'कुठल्या?'

यादी वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. सात म्हटल्यावर काही नाही. आठ म्हटल्यावर डोळे उघडले.

'आठवीसुद्धा?'

'आठवीसुद्धा.'

उठून गॅलरीत गेले. पाठ माझ्याकडे. तासभर तरी. मी आत, ते बाहेर, मध्ये उघडं दार. ओलांडायची हिंमत नव्हती.

आले तेव्हा आवाज कारखान्यातला. 'माझ्या ड्रॉइंगमध्ये कोणी खिळ्याएवढा बदल केला तरी कोपऱ्यात त्याची सही लागायची. साहेब असला तरी! तू माझ्या रेघेवर रेघ ओढलीस आणि सही माझी राहू दिलीस. मला काय, लहान मूल समजलीस?'

समजलेच होते.

मग म्हणाले, 'पांढरा रंग आण. तुझ्या प्रत्येक कडीच्या मागे ठिपका घाल. एकोणीस. मी मोजणार आहे.' समोर बसून घालून घेतले. मोजले. 'डॉक्टरीणबाईंना तू सांगायचंस. मी तोंड उघडणार नाही.'

जेवून उठताना माझ्या डोक्यावर टपली मारली. लहानपणी गणित चुकलं की मारत तशीच.

आता हलकं वाटायला हवं. वाटत नाही. मी खरं बोलले ते त्यांच्या हनुवटीवरची जखम बघून, की लपवून लपवून कंटाळले म्हणून? दोन्हीला 'सांगितलं' हाच शब्द लागतो.

२ एप्रिल

डॉक्टरीणबाईंपुढे एका दमात सगळं बोलून टाकलं. चिडतील वाटलं होतं. एवढंच म्हणाल्या, 'दहा दिवसांत सांगितलंत, बरं झालं. महिना गेला असता तर माझं बोलणं ऐकावं लागलं असतं.' गोळी पूर्ववत केली. बाबांनी मोठा श्वास सोडला. मीही.

मग त्यांना पट्ट्यात रस वाटला. दिव्याचं मोठं भिंग पुढे ओढलं. मी यादी पुढे केली तर हाताने बाजूला सारली. 'सांगू नका. ओळखता येतात का बघू.'

पेन्सिलीचं टोक एका कडीवर ठेवलं. 'ही तुमची.' बाबांनी पट्टा उलटला. पांढरा ठिपका! 'ही.' ठिपका. 'ही.' पुन्हा ठिपका. बाबा परीक्षकाच्या थाटात उलटून दाखवत होते. 'सापडलीस! बघ, बाईंना कळतं कोणाचा हात!' मलाही हसू आलं. एकोणीसपैकी सतरा त्यांनी नेमक्या काढल्या.

'कशा ओळखल्या?' मी विचारलं.

त्या हसत नव्हत्या. भिंग माझ्याकडे वळवलं. 'बाबांच्या कडा बघा. हात जातो तेव्हा लांब जातो. पण मधली रेघ सरळ आहे, अजून ड्राफ्ट्समनची आहे. आता तुमच्या बघा.'

नुसत्या डोळ्यांना माझे चौकोन नीटनेटके दिसतात. भिंगाखाली चारही कडांना बारीक लाटा. एकसारख्या, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारख्या. एका कडीवर नाही. सगळ्यांवर. तीन तारखेच्या कडीवर आणि बावीस तारखेच्याही.

'मला ब्रशची सवय नाही,' मी म्हणाले.

'सवय नसली तर रेघ वाकडी येते. अशी येत नाही.'

वीस वर्षं मुलांचे आलेख तपासतेय. चुकून पडलेला बिंदू कोणता आणि खरोखरचं रीडिंग कोणतं, मला एका नजरेत कळतं.

'हात पुढे करा,' त्या म्हणाल्या. 'बोटं ताठ.'

बाबांनी सवयीने दोन्ही हात पुढे केले.

'तुमचे नाहीत, काका.'

बाबांचे हात तसेच हवेत राहिले. थरथरत. मी माझे त्यांच्या शेजारी ठेवले.

४ एप्रिल

दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाईंनी बाबांना पाहून त्यांची फाइल काढली. बाबा म्हणाले, 'ती राहू द्या. नवीन करा, हिच्या नावाची. आज मी सोबत आलोय.'